पेनीएवढी ढील

कॉरिसच्या उतारावर आमची शेड, पाटीच्या दगडाचं छप्पर.
आत टाडची वेलोसेट, छप्पन सालची,
मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर.
मी गुडघे टेकून. टाड स्टुलावर,
डावा हात मांडीत ठेवलेला,
शेजाऱ्याचं मांजर सांभाळायला घेतल्यासारखा.

ऑक्टोबरपासून तो हात त्याचं ऐकत नाही.
डॉक्टर इंग्रजीतून म्हणाले, सुधारेल.
टाड वेल्शमधून म्हणाला, बघू.
आणि तिसऱ्या दिवशी, अंडं सोलता सोलता:
"नॉन, क्लच हलका कर.
नाही जमलं तर मला विक. गाडी नको विकूस."

बर्मिंगहॅमहून खोका आला.
नव्या प्लेटा, मूठभर स्प्रिंगा, आणि एक कागद,
त्यात पहिलंच वाक्य: घाई करू नये.
टाडनं तो कागद वाचला नाही,
चहाच्या कपाखाली घातला.

चेन उतरवली, स्प्रॉकेट उतरवलं.
जुन्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या,
मी चाकूचं पातं सरकवून एकेक सोडवली.
चाळीस वर्षांची झीज,
नखानं मोजावी तर नखभरही नाही.
"ह्या बसवल्या त्या दिवशी," तो म्हणाला,
"तुझी आई त्या खोक्यावर बसून
आंबट सफरचंद खात होती. तू व्हायची होतीस."
मी काही बोलले नाही. वॉशर शोधत होते.

"चार स्प्रिंगा कमी घाल."
कागद नको म्हणत होता. मी घातल्या कमी.
लिव्हर लोण्यासारखा आला,
टाडनं दोन बोटांनी ओढला आणि
खाणीतल्या पोरांसारखी शिट्टी मारली.

मग मी तालिलिनच्या चढाला लागले.
दुसऱ्या वळणावर इंजिन ओरडायला लागलं,
गाडी मात्र मेंढीच्या चालीनं.
वरून आज्ञा सुटते आहे,
खाली कुणी घेत नाही.
मला तो मांडीतला हात आठवला,
आणि स्वतःचाच राग आला, की आठवला.

परत आले. चेन, स्प्रॉकेट, सगळं पुन्हा.
चारही स्प्रिंगा पुन्हा.
लिव्हर बदलला, जरा लांब दांडीचा,
तार नवी, आतून ग्रीस भरलेली.
आता राहिलं ते जुळवणं.

ह्या गाडीचा क्लच जुळवायची रीत उलटी.
स्प्रॉकेटच्या भोकातून खीळ घालायची,
खीळ नुसती तिथे राहू द्यायची,
आणि फिरवायचं ते मागचं चाक.
हात माझे दोनच. एक चाकावर,
एक तारेवर, ढील बघायला.
"खीळ कोण धरेल?"

टाड स्टुलासकट पुढे सरकला.
उजव्या हातानं डावा हात उचलला,
खिळीवर नेऊन ठेवला.
जोर नको होता. दाबायचं नव्हतं काही.
फक्त तिथून हलायचं नव्हतं,
आणि ते त्या हाताला उत्तम येत होतं.

मी चाक फिरवलं, इंचभर. थांबले.
"अजून," तो म्हणाला.
अर्धा इंच.
"बास. आता परत, उंदराच्या पावलाएवढं."
खिशातून त्यानं जुनी मोठी पेनी काढली,
राणीचा चेहरा पार पुसलेला,
लिव्हरच्या फटीत धरली. अडकली.
मी तारेचा नट अर्धा फेरा सोडला.
पेनी आत गेली, आणि पडली नाही.

"ढील नसली तर घसरतो," तो म्हणाला,
"जास्त झाली तर गिअर दात खातात.
तुझी आई म्हणायची,
पेनीचा हिशोब असा फक्त तूच करतोस,
बाकी पैसे कुठे जातात देव जाणे."

चढ मी संध्याकाळी पुन्हा चढले. धरला.
आले तेव्हा अंधार होता, पाऊस भुरभुरत होता,
तिनेक आठवड्यांनी चालवेन म्हणाला, बहुतेक.
मी जेवायला हाक मारली.
तो गाडीवर बसला होता, स्टँडवर,
इंजिन बंद, दिवा बंद.
चार बोटं लिव्हरवर. ओढायचा,
अर्ध्यावर हात थरथरायचा, सोडायचा.
पुन्हा ओढायचा.

मी दाराशी उभी राहून मोजत होते.
एकोणिसावा खेप पूर्ण आला.
"सूप थंड होतंय," मी म्हणाले.
"होऊ दे," टाड म्हणाला. आणि वीस.